करुणा, पदक आणि प्रतिष्ठा

‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला मतिमंद नंदू आम्हांला रडवतो. ‘यलो’ (२०१४) मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते आणि तिच्या यशाला आम्ही टाळ्या वाजवतो. दोन्ही कलाकृती प्रामाणिक आहेत. तरीही प्रश्न उरतो : जे मूल आमचे अश्रूही मागत नाही आणि पदकही जिंकत नाही, त्याचे काय?

स्वमग्न मूल नजर टाळते, तोच शब्द पुनःपुन्हा उच्चारते, घंटानादाने कान झाकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये अशा मुलांची भेट घेतली. कथेला शेवटी विजय लागतो. ईश्वराच्या प्रतिरूपात घडलेल्या जिवाच्या प्रतिष्ठेला तो लागत नाही. चित्रपट येथेच अपुरे पडतात आणि आम्हीही.

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या धर्मग्रामात मिस्सेच्या वेळी असे मूल ओरडले, की माना वळतात आणि आई त्याला बाहेर नेते. येत्या रविवारी त्या दोघांसाठी बाकावर सरकून जागा करणे, एवढे तरी आम्हांला साधावे.