कांबळे १९८६ म्हणजे नेमकी कोण?



आपल्यातल्या एका पोरानं मागं एका नियतकालिकाकडं शोधनिबंध धाडला. तीन आठवड्यांत परत आला. मजकुरावर एक अक्षर नाही. संदर्भ आमच्या पद्धतीनं दिलेले नाहीत, एवढीच चिठ्ठी. पोरगं पेटलं. म्हणालं, हे नवं सोवळं आहे. पूर्वी विटाळ सावलीचा व्हायचा, आता स्वल्पविरामाचा होतो.

वाक्य झकास आहे. सभेत टाळ्या पडतील. पण मी त्याचा निबंध घरी आणून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मला काही टाळी वाजवता येईना. म्हणून हे लिहितोय.

सोवळ्याचा भाग आधी मान्य करून टाकू. वर्ष कंसात घालायचं की शेवटी, पुस्तकाचं नाव तिरपं करायचं की अवतरणात ठेवायचं, यात ज्ञान काही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची एक पद्धत, तिला एपीए म्हणतात. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची दुसरी. हा नुसता गणवेश आहे. ज्या दारात जायचं तिथला चढवायचा. झोटेरोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तो घटकाभरात चढवून देतं. आणि संपादकांनीही गणवेश बघून माणूस उंबऱ्यावरून हाकलू नये. आधी वाचावं, मग टिंबं मोजावीत.

पण गणवेशाच्या आत एक पत्ता असतो. आपली खरी गोची तिथं आहे.

पोराच्या निबंधात एका वाक्याशेवटी कंसात होतं : कांबळे १९८६. कोण कांबळे? फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. शिक्षिका असलेल्या शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' हेही पुस्तकरूपानं १९८६ चंच. दोन बाया, दोन आयुष्यं, आणि आपण दोघींना एका कंसात कोंबलं. प्रस्थापितांनी नाही, आपण. ज्या पद्धतीला पोरानं शिव्या घातल्या तिच्यात यावर साधा उपाय आहे : आडनाव एकच असेल तर आद्याक्षर लावा. बे. कांबळे, शां. कांबळे. मी तर म्हणतो, पद्धत मुभा देत असेल तिथं पुरतं नाव लिहा. कांबळे, गायकवाड, जाधव ही आडनावं आपल्यात ढिगानं आहेत. नुसत्या आडनावानं आपला माणूस गर्दीत हरवतो.

पुढं 'फुले १९६९'. जोतीराव १८९० साली गेले. मग ७९ वर्षांनी त्यांनी काय लिहिलं? १९६९ हे कीर-मालशे यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाचं साल. 'गुलामगिरी' १८७३ ची, 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. तसंच 'आंबेडकर १९७९'. ते सरकारी खंडाचं साल. आतलं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ चं. साल चुकलं की भांडणाचा काळ चुकतो. कोण कुणाच्या आधी बोललं, कुणाला उत्तर दिलं, सगळं उलटंपालटं होतं. म्हणून दोन्ही सालं द्यायची : आधी मूळ, मग हातातल्या आवृत्तीचं. पान मात्र हातातल्या आवृत्तीचंच.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तो मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. खंड कितवा? पोरानं लिहिलं ४१. ठिकठिकाणी तोच आकडा छापलेला सापडतो. आता बोटं मोजा. हे मासिक १८७२ साली निघालं, वर्षाला एक खंड. मग १९१७ चा खंड येतो ४६ वा. ४१ वा पडतो १९१२ चा, तेव्हा बाबासाहेब अमेरिकेला गेलेसुद्धा नव्हते. रोमन आकड्यांत ४६ आणि ४१ यांच्यात एका 'व्ही'चाच फरक. कुठंतरी ते अक्षर गळलं असणार, आणि मागून आलेल्यांनी एकमेकांचं बघून उतरवलं. मूळ अंक उघडायची तसदी कुणी घेतली नाही. ज्यांनी आयुष्यभर पुरावा समोर ठेवून शास्त्रीपंडितांशी झुंज घेतली, त्यांच्याच निबंधाचा पत्ता आपण ऐकीव लिहितो. श्रुती-स्मृतीवर टीका करणारे आपण, आणि करतो तेच : गुरूनं सांगितलं, शिष्यानं घोकलं.

आणि मुक्ताबाई. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. पोरानं तो नंतरच्या एका संग्रहातून घेतला, आणि सूचीत नाव घातलं संग्रहाच्या संपादकांचं! तिचं नाव शोधून सापडत नाही. दोस्ता, लिहिलं कुणी? तिनं. मग आधी तिचं नाव, १८५५ साल, त्यानंतर कुठल्या संग्रहात वाचलं ते. एकच नाव असलं तरी पद्धतीला चालतं.

पद्धत सगळीकडं धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. पोरानं वस्तीतल्या एका आजीकडून जलशातली गाणी ऐकून उतरवली. एपीएचा नियम असा की वाचकाला जे मिळू शकत नाही ते बोलणं 'व्यक्तिगत संवाद' म्हणून मजकुरात कंसात द्यायचं, सूचीत नाही. म्हंजे पुस्तकवाला सूचीत बसणार आणि आजी दाराबाहेर. इथं मात्र भांडायचं. कॅनडात आदिवासी समाजातल्या ग्रंथपाल लॉरीशा मॅक्लाउड यांनी वडीलधाऱ्यांचं तोंडी ज्ञान सूचीत कसं मांडावं याचे साचे तयार करून २०२१ साली प्रसिद्ध केले. आपणही करू. आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन आवाज भरून घ्या. तारीख, गाव, तिला हवं असेल तर पुरतं नाव लिहा. प्रत एखाद्या ग्रंथालयात ठेवा. मग ती 'मिळत नाही' असं म्हणायची कुणाची टाप नाही.

जुन्या सायक्लोस्टाइल अंकांचंही तेच. अंक हाती येतो, त्याला कव्हर नसतं, पानाला आकडा नसतो. अंदाजानं साल ठोकू नका. 'तारीख नाही' असं लिहा आणि प्रत कुठं पाहिली ते लिहा. आणि आपण जे पान छापू त्यावर साल, गाव, अंक, पृष्ठ आणि लिहिणाऱ्याचं पुरतं नाव टाकायला विसरू नका. उद्याचा पोरगा तेच शोधत येणार आहे.

मी पोराला हे सगळं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसला. निबंध पुन्हा धाडलाय. या खेपेला परत आला, तर स्वल्पविरामावरून नव्हे, विचारावरून यावा. मग बघून घेऊ.

जयभीम.