'बरं हाय' म्हणजे दहापैकी किती? ग्राहकाला विचारून परिणाम मोजण्याबद्दल

सिनॉप्सिसच्या कार्यपद्धतीत एक वाक्य हमखास असतं : 'लाभार्थ्यांचे थेट अभिप्राय घेऊन योजनेचा सामाजिक परिणाम मोजला जाईल.' तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असेल. वाक्य सज्जन आहे आणि आरआरसीत त्याला कोणी हरकत घेत नाही. घ्यायला हवी. 'थेट' म्हणजे काय, 'अभिप्राय' कोणत्या भाषेत आणि 'परिणाम' कशाच्या तुलनेत, या तीन शब्दांत पीएच.डी.ची दोन वर्षं जाऊ शकतात.

या विचाराचं सध्याचं सगळ्यात नावाजलेलं रूप म्हणजे 'लीन डेटा'. अ‍ॅक्युमेन ही सामाजिक उद्योगांत पैसे गुंतवणारी संस्था. तिने २०१४ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली आणि २०१९ मध्ये त्यातूनच '६० डेसिबल्स' नावाची वेगळी कंपनी निघाली. माणसं साधं बोलतात तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबल असतो, म्हणून ते नाव. पद्धतीची मूळ मांडणी वाचायची असेल तर डिक्टर, अ‍ॅडम्स आणि इब्राहिम यांचा स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यूमधला 'द पॉवर ऑफ लीन डेटा' हा २०१६ चा लेख वाचा. छोटा आहे, आणि इंग्रजीची धास्ती घेण्यासारखा नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सौर दिवे, बियाणं, कर्ज, रुग्णवाहिका विकणाऱ्या कंपन्या 'आम्ही इतक्या लाख लोकांपर्यंत पोचलो' एवढंच सांगतात. पोचलो म्हणजे काय झालं, ते कोणी विचारत नाही. दुसऱ्या टोकाला रँडमाइज्ड ट्रायल. तिला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि निष्कर्ष येईपर्यंत कंपनीने ती वस्तू विकणंही बंद केलेलं असतं. मग मधला मार्ग काढा : काहीशे ग्राहकांना फोन करा, पंधरा-वीस मिनिटं मोजके प्रश्न विचारा, काही आठवड्यांत उत्तर घ्या. या वस्तूमुळे तुमचं जीवनमान सुधारलं का, बिघडलं का? ती मिळाली नसती तर दुसरा चांगला पर्याय सहज मिळाला असता का? कर्जाचे हप्ते जड जातात का? मायक्रोफायनान्सच्या २०२२ च्या निर्देशांकासाठी ४१ देशांतल्या ७२ संस्थांच्या जवळपास १८ हजार कर्जदारांशी ते असे बोलले. हप्त्याचं ओझं खुद्द कर्जदाराला विचारायचं, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. वसुलीची टक्केवारी ९८ असली तरी ते हप्ते घरातलं काय विकून भरले, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. एवढ्याकरता तरी मी या पद्धतीच्या बाजूचा आहे.

आता ती अकोला-अमरावतीच्या जमिनीवर ठेवून बघू.

पहिला प्रश्न आकड्याचा. या सर्व्हेंमध्ये 'नेट प्रमोटर स्कोअर' असतो. फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत तो मांडला. 'ही वस्तू मित्राला किंवा नातेवाइकाला घ्यायला सांगाल का? शून्य ते दहा.' नऊ-दहा म्हणणारे प्रचारक, सात-आठवाले तटस्थ, शून्य ते सहा नाराज. प्रचारकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की स्कोअर आला. आता आपल्या शाळेत दहापैकी सहा म्हणजे काय? साठ टक्के, प्रथम श्रेणी! पस्तीस टक्क्यांना पास होणाऱ्या माणसाने बियाण्याला सहा गुण दिले तर त्याने कौतुक केलं, आणि अहवालात तो नाराजांच्या रांगेत जाऊन बसला. समजा शंभरपैकी ४० जण नऊ-दहा म्हणाले, ३५ जण सात-आठ आणि २५ जण सहा. स्कोअर १५. ते २५ जण एकेक गुण चढून सात म्हणाले असते तर स्कोअर ४०. शेतात काहीच बदललं नाही, गावात काहीच बदललं नाही, फक्त गुण द्यायची सवय बदलली. दोन देशांचे स्कोअर शेजारी ठेवणारे तक्ते बघताना हे डोक्यात असू द्या.

त्यात आपल्याकडचा कास्तकार मुळात आकडाच सांगत नाही. तो म्हणतो, 'बरं हाय.' या 'बरं हाय'चे किमान चार अर्थ मला माहीत आहेत : खरंच बरं आहे, बरं नाही पण तुम्हाला काय सांगू, चाललंय कसंतरी, आणि फोन ठेवा आता. कोणता ते सुरावरून कळतं. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कॉल सेंटरमधल्या मुलीला तो सूर कळेल, ही अपेक्षा जास्त आहे. 'शिफारस' हा शब्दही तपासा. आपल्याकडे शिफारस आमदाराची असते, नोकरीसाठी असते. 'शिफारस कराल का?' म्हटलं की माणूस सावध होतो. 'सोयऱ्याले हे घ्याले सांगसान काय?' म्हटलं तर तो खरा विचार करतो, कारण सोयऱ्याला चुकीचं बियाणं सांगितलं तर पुढच्या लग्नात त्याचं तोंड बघायचं असतं. 'जीवनमान'ची तीच गत. तो शब्द रेडिओवरचा आहे. 'घरचं कसं चालू हाय आता, पयलेपेक्षा?' हा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न, फोन कोणाचा वाटतो. निकोला डेल आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा बंगळुरूमधला प्रयोग माझ्या मते प्रत्येक संशोधन पद्धतीच्या पेपरात असायला हवा. त्यांनी ४५० मुलाखती घेतल्या. लोकांना दोन गोष्टी दाखवल्या, दोन्ही तंतोतंत सारख्या, फक्त एक 'मुलाखत घेणाऱ्याने बनवलेली' असं सूचित केलं. लोकांनी ती अडीच पट जास्त पसंत केली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असला तर पाच पट. लोक खोटं बोलत होते असं म्हणू नका. आल्यागेल्याचं मन राखलं, एवढंच. आपल्याकडे त्यात उधारीची भर पडते. बियाणं, खत, औषध कृषी केंद्रातून उधारीवर येतं आणि हिशेब कापूस विकल्यावर होतो. 'मी अमुक बियाण्याबद्दल बोलतेय' असा फोन आला की कास्तकाराच्या मनात पहिला प्रश्न : हे दुकानदाराला कळेल का? फोनवरची मुलगी 'माहिती गुप्त राहील' म्हणते खरी, पण नंबर तिला मिळाला कुठून?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या जळगावात आहे.

२००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढची काही वर्षं कंपनीने करवून घेतलेले सर्व्हे एक सांगत होते आणि स्वयंसेवी संस्थांचे सर्व्हे बरोबर उलट. दोघंही शेतकऱ्यालाच विचारत होते, दोघंही 'थेट'. मोर्स, बेनेट आणि इस्माईल यांनी २००७ मध्ये एक पेपर छापला. माहिती जळगाव जिल्ह्यातली, २००२ आणि २००३ या हंगामांची : बीटी घेतलेली ९४ घरं आणि न घेतलेली ६३ घरं. बीटीच्या प्लॉटचं खर्च वजा जाता उत्पन्न बिगर-बीटी प्लॉटच्या अडीच पट निघालं. साधा अभ्यास इथे थांबला असता आणि मथळा झाला असता. यांनी पुढे विचारलं : बीटी घेणाऱ्यांच्याच शेतात बिगर-बीटीचेही प्लॉट आहेत, त्यांच्याशी तुलना केली तर? फरक १.६ पटींवर आला. कारण बीटी घेणारे मुळातच वेगळे होते. कपाशीखाली जास्त जमीन, ओलितावर जास्त खर्च, आणि त्यांचं बिगर-बीटी वाणही चांगलं उतरणारं. म्हणजे त्या 'अडीच पट'मधला मोठा वाटा बियाण्याचा नव्हताच, कास्तकाराचा होता.

हा पेपर आणि लीन डेटा शेजारी ठेवा. लीन डेटाचा सर्व्हे मुळात फक्त ग्राहकांना फोन करतो. जळगावचे ते ६३ त्याच्या यादीतच नसतात. आणि ९४ जणांना 'यामुळे सुधारलं का?' विचारलं तर ते प्रामाणिकपणे 'हो' म्हणतील. त्यांचं खरंच सुधारलेलं आहे. 'यामुळे' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडी आपण घातला. पद्धतीचे लेखक याचं उत्तर देतात : आम्ही कार्यकारणभाव सिद्ध करतो असं म्हणतच नाही, कंपनीला निर्णय घेता येईल एवढी माहिती देतो. ठीक. पण मग अहवालाच्या पहिल्या पानावर 'इतक्या टक्के ग्राहकांचं जीवनमान आमच्यामुळे सुधारलं' असं छापून येतं ते कोण लिहितं? पद्धतीतला संकोच पहिल्या पानापर्यंत पोचत नाही, आणि गुंतवणूकदार पहिलंच पान वाचतो.

हंगामाचंही तेच. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. त्या हिवाळ्यात कोणत्याही वस्तूबद्दल विचारलं असतं तरी उत्तर कडूच आलं असतं. उलट २०२१-२२ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजारात भाव १०,००० च्या वर गेला. त्या वर्षी एखाद्या कंपनीने फवारणी पंप विकायला घेतले असते आणि मार्चमध्ये सर्व्हे केला असता, तर सगळे पंप 'जीवनमान सुधारणारे' निघाले असते.

जिल्हा हे एकक घ्यायचीही सवय सोडा. 'अमरावती जिल्ह्यातले ३०० ग्राहक' म्हणजे कोण? वरुड-मोर्शीचा संत्रेवाला की दर्यापूर-भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातला कास्तकार, ज्याच्या विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही? ठिबकची कंपनी जिथे पाणी आहे तिथे विकते. तिच्या यादीतून तुम्ही कितीही रँडम नमुना काढला तरी दर्यापूर त्यात येणार कुठून? पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा पट्टा अकोला आणि बुलढाण्यातही पसरलेला आहे, त्यामुळे अकोल्याचा नमुना घेतानाही हेच.

आणि घरातलं कोण? बिल सातबारावाल्याच्या नावावर, फोनही त्याचाच. मक्त्याने वाहणारा यादीत नाही. कापूस वेचणारी बाई तर नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरत असलेला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. म्हणजे फोनवरून 'कुटुंबाला' विचारणं हे बहुतेक वेळा घरच्या पुरुषाला विचारणं असतं.

ग्राहक हा शब्दच जरा ऐका. आपण बोलताना गिऱ्हाईक म्हणतो, आणि 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणं' याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. गंमत सोडा, पण ग्राहक म्हणून विचारलं की माणसाचा एक तुकडाच ऐकू येतो. २००६ मध्ये पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सरकारने घरोघरी जाऊन सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये याच सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या पाहणीत कर्जाबरोबर घरातल्या मुलीच्या लग्नाची अडचण आणि आजारपणही नोंदवलं होतं, आणि चार लाखांहून अधिक कुटुंबं तीव्र संकटात असल्याचं निघालं. बियाण्याच्या कंपनीचा फोन मुलीचं लग्न विचारणार नाही, त्याचं ते कामही नाही. पण कर्जाचा हप्ता कशापायी जड जातो ते तिथेच असतं. आणि सरकारी पाहणीत नाव आलं की मदत मिळेल, या आशेने उत्तर वाकतं, तेही विसरू नका. उधारीने एकीकडे वाकतं, आशेने दुसरीकडे.

मग काय, फोन करायचे नाहीत? करायचे. मी तरी करतोच. फक्त यादी कंपनीची एकटी घेऊ नका. ज्यांनी एकदा घेतलं आणि पुन्हा घेतलं नाही त्यांची नावं मागा; कंपनी देत नसेल तर तसं प्रबंधात लिहा. ग्राहकाच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या, न घेणाऱ्या शेजाऱ्यालाही तेच प्रश्न विचारा. जळगावच्या पेपरची युक्ती तुम्हाला फुकट मिळालेली आहे : एकाच माणसाच्या दोन प्लॉटची तुलना, जिथे शक्य असेल तिथे. एक फोन मृगाच्या आधी, एक कापूस विकून उधारी चुकती झाल्यावर. त्या दुसऱ्या वेळी माणूस जास्त मोकळा बोलतो. बाईशी बोलायला बाईच पाठवा, फोन नाही. पैसे कोणाचे आहेत ते पहिल्याच वाक्यात सांगा. आणि प्रश्नावलीची पायलट विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मित्रांवर करू नका, मूर्तिजापूरच्या बाजाराच्या दिवशी करा.

उत्तराच्या रकान्यात आकड्याआधी एक रिकामी ओळ ठेवा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला. 'बरं हाय, पन गेल्या सालीच बरं होतं' याला कोणता कोड द्यायचा ते गाईडसोबत बसून ठरवता येईल. नुसता ७ लिहून आणलात तर ठरवायला काही उरत नाही.