सरासरीत हरवलेला माणूस

ड्रोनने टिपलेल्या चित्रांतील माणसे व वाहने संगणकाला ओळखता यावीत म्हणून त्याला आधी हजारो नमुने दाखवतात आणि मग त्याची परीक्षा घेतात. चीनमधील तियानजिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये पुढे आणलेला ‘व्हिसड्रोन’ हा चित्रसंग्रह म्हणजे या परीक्षेची जगभर वापरली जाणारी प्रश्नपत्रिकाच. त्यात १४ शहरांमधील १०,२०९ छायाचित्रे आहेत, शिवाय चलत्‌चित्रे आहेत. पादचाऱ्यापासून छपराच्या तीनचाकीपर्यंत १० प्रकार त्यात ओळखायचे असतात. अगदी ठिपक्याएवढ्या वस्तूंभोवतीही चौकटी आखलेल्या आहेत. हे काम निःसंशय मोठे आहे.

तरीही या प्रश्नपत्रिकेत एक उणीव आहे. वस्तू किती झाकली गेली आहे याची नोंद प्रत्येक चौकटीसोबत आहे; मधली हवा किती धूसर होती याची नाही. क्रमवारी लागते ती सरासरी आकड्यावर. वर्गाची सरासरी ७० आली की नापास मुले त्यात कशी दडतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

हवेची नोंद का हवी? एकसारख्या धुक्यात अंतर वाढेल तसा वस्तू व पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशभेद घातांकी नियमाने घटतो, हे कॉशमीडर यांनी १९२४ मध्ये दाखवले. हा भेद ५ टक्के उरतो ते अंतर दृश्यमानतेची मर्यादा मानले, तर त्याच्या निम्म्या अंतरावरच तो सुमारे २२ टक्क्यांवर येतो. तेवढ्यात बस ओळखू येईलही. पण मोजक्या ठिपक्यांचा माणूस पुसला जाण्याची भीती असते.

२०१८ मधल्याच ‘यूएव्हीडीटी’ या संग्रहात दिवस, रात्र व धुके अशी विभागणी आहे. पण त्यात शोधायची फक्त वाहने! एका संग्रहात माणूस आहे, पण धुक्याची नोंद नाही. दुसऱ्यात धुक्याची नोंद आहे, पण माणूस नाही.

उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा अंधारात उपयोगी पडतो. मात्र जमीन शरीराइतकी तापली की माणूस तिच्यात मिसळून जातो, आणि दाट धुके अवरक्त किरणांनाही अडवते.

म्हणून पुरात अडकलेल्यांना शोधणारे यंत्र निवडताना सरासरीवर विसंबू नये. स्वच्छ हवा, रात्र, विरळ धुके, दाट धुके असे निकाल वेगवेगळे मागावेत आणि प्रत्येक वेळी किती माणसे नजरेतून सुटली ते विचारावे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. गर्दीच्या छायाचित्रावर ट्रेसिंग पेपरचा एकेक थर ठेवा आणि दर थराला मुलांना माणसे व बसगाड्या मोजायला सांगा. आधी काय नाहीसे होते, ते मुलेच सांगतील.