‘चाकाची खुर्ची’ : प्रेरणेपलीकडचे वाचन

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकाने ‘प्रेरणादायी’ या एका शब्दात गुंडाळून ठेवले आहे. माझा आक्षेप त्या शब्दाला आहे. ‘बलुतं’ 1978 मध्ये आले, ‘उपरा’ 1980 मध्ये. तेव्हाही पांढरपेशा वाचकाने ‘किती सोसलं यांनी!’ असा उसासा टाकला आणि सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेचा प्रश्न अलगद बाजूला सारला. उसाशाला काही मोल पडत नाही. ‘प्रेरणा’ हा त्याच उसाशाचा दुसरा अवतार.

सोळाव्या वर्षी नसीमाताईंचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. खचलेल्या या मुलीला उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि ते स्वतः अपंग होते. त्याच वेदनेतला माणूस वाट दाखवतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पुढे शिक्षण झाले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी लागली. 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. या संस्थेने वसतिगृह, शाळा आणि रोजगार यांना हात घातला. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही 1925 मध्ये सोलापुरात आधी वसतिगृहच काढले होते. एकट्याच्या जिद्दीवर समाज उभा राहत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

म्हणून मला या पुस्तकाचे नावच मोलाचे वाटते. लेखिकेने मुखपृष्ठावर जिद्द मिरवली नाही, एक वस्तू ठेवली. खुर्ची असेल तर माणूस दाराबाहेर पडतो. पण खुर्चीला रस्ता लागतो, उतार लागतो, विकत घ्यायला पैसा लागतो. मी मोहन्यात बसून हे लिहितो आहे. येथील एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडला. ज्या घरातला पगारच थांबला, त्या घरातल्या अपंग पोरीला ‘जिद्द ठेव’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. तिच्या जातीमुळे दार आधीच अर्धे लागलेले असेल, तर थट्टा दुप्पट.

शब्दांचेही असेच. आपल्याला ‘हरिजन’ म्हटले गेले. आपण ते नाकारून ‘दलित’ झालो. आज अपंगाला ‘दिव्यांग’ म्हणतात. देवत्व बहाल केले की हक्काची भाषा थंडावते. 1995 चा आणि 2016 चा असे दोन कायदे झाले. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. हे हक्क आहेत, कुणाची कृपा नव्हे.

नसीमाताईंचे पुस्तक वाचावे ते डोळे पुसण्यासाठी नव्हे, हिशेब मागण्यासाठी. आणि जात व अपंगत्व दोन्ही एकाच देहावर वागवणाऱ्या माणसाचे स्वकथन दलित साहित्याने आता आग्रहाने मागावे. त्याला टाळ्या नकोत. त्याला रस्ता हवा आहे.