घरफोड्या : गुन्हा की माणूस?

मोबाईलवर हिंगोलीच्या बातम्या बघताना दोन प्रकारचे मथळे दिसतात. 'वसमतमध्ये घरफोड्या वाढल्या' आणि 'सराईत घरफोड्या जेरबंद'. पहिल्यातल्या 'घरफोड्या' म्हणजे गुन्हे, स्त्रीलिंगी, अनेक. दुसऱ्यातला एक माणूस. अक्षरं तीच. क्रियापद येईपर्यंत कळत नाही की मोजतायत काय.

मला हा नुसता व्याकरणाचा योगायोग वाटत नाही. मराठीतला हा '-या' फार चिकट आहे. चोरी एकदा केली तरी चोरच, पण फोड्या, वाटमाऱ्या, उचल्या म्हटलं की ती सवय होते, स्वभाव होतो.

कायद्याला हे निदान एकदा तरी कळलं होतं. 1860च्या दंडसंहितेचं 445वं कलम माणूस कसा आत शिरला एवढंच विचारत होतं. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी घरफोडी. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून शिरला, तरीही. पण अकराच वर्षांनी, 1871मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो विचारत होता, तू कुणाच्या पोटी जन्मलास? हा शिक्का 1952च्या ऑगस्टमध्ये कागदावरून निघाला. तोंडातून निघाला नाही.

लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांनी 1987मध्ये आपल्या आत्मकथेला 'उचल्या' हेच नाव दिलं. लोक ज्या शब्दाने हाका मारत, तोच मुखपृष्ठावर. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक वाचलं नसेल तर वाचाच. त्यानंतर 'उचल्या' हा शब्द इतक्या सहज तोंडात येत नाही, निदान माझ्या तरी.

आणि 'उचल' बघा. आपल्या मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं आणि ती अंगमेहनतीने फेडतं. धातू एकच, पण घेणाऱ्याला कुणी उचल्या म्हणत नाही. हंगाम अर्धवट सोडून परतला, की मात्र बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

'घरफोडी'चा आणखी एक अर्थ पोलीस ठाण्यात कधीच नोंदवला जात नाही. भावाभावांत वाटणी झाली की गल्लीत धाकटीला म्हणतात, 'घरफोडी आहे ती.' जमीन मागितलेली असते नवऱ्याने, सातबाऱ्यावर नावही त्याचंच चढतं. त्याला 'घरफोड्या' म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.