मुंबईची वीज आणि चौदा ट्रोजन : एका वादाचे परीक्षण

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा आणि पडघा यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद झाल्या होत्या आणि पुण्याकडून खारघरला जाणारी वाहिनीही बंद पडली. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून स्वतःच्या विजेवर चालवण्याची व्यवस्था आहे. तीही त्या दिवशी टिकली नाही.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चीनशी संबंधित एका गटाने भारतातील वीजक्षेत्राच्या दहा संस्थांच्या संगणकजाळ्यांना लक्ष्य केले आणि त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रे आहेत, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी राज्य सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल सांगितला: वीजमंडळाच्या यंत्रणेत १४ ‘ट्रोजन हॉर्स’ आढळले, परदेशी सर्व्हरवरून ८ गिगाबाइट माहिती आली, म्हणून घातपाताची शक्यता आहे. त्यानंतर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले की वीज गेली ती मानवी चुकीमुळे.

घटना एक आणि उत्तरे तीन. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, असे विद्यार्थी विचारतील. आमच्या मते शिक्षकाने तो प्रश्न थोडा बदलून द्यावा: प्रत्येकाने प्रत्यक्ष काय पाहिले होते?

अमेरिकी कंपनीने पाहिली ती जाळ्यावरची ये-जा. भारतीय संस्थांचे संगणक आणि संशयित सर्व्हर यांच्यात संदेश जात-येत होते, एवढे तिला बाहेरून दिसले. आतल्या यंत्रांपर्यंत तिची पोच नव्हती. कोणाच्या घरी कोणाची पत्रे येतात हे पोस्टमनला कळते; पत्र वाचून घरात काय घडले हे कळत नाही. ही मर्यादा अहवालाने लपवलेली नाही. मुंबईच्या घटनेशी लावलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यातच लिहिले आहे. मथळ्यांपर्यंत पोचताना हे वाक्य गळाले.

राज्याच्या अहवालातील आकडे ऐकायला भरीव आहेत, पण ते कशाचे मोजमाप आहेत? ते ट्रोजन कार्यालयातल्या संगणकांवर होते की ब्रेकर चालवणाऱ्या यंत्रणेत? ते केव्हा आले? संख्या आहे म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी एक वेगळी नोंद लागते. उपकेंद्रातील उपकरणे कोणता ब्रेकर कोणत्या क्षणी उघडला हे मिलिसेकंदापर्यंत टिपतात. त्या नोंदीशेजारी संगणकावरील आज्ञांची नोंद ठेवली, तरच ‘आधी काय, नंतर काय’ हे ठरते.

मग केंद्राचे उत्तर घेऊन निश्चिंत व्हावे काय? येथे उलटी चूक होते. त्या दिवशी चोर आला नव्हता, एवढ्यावरून दाराला कडी आहे असे ठरत नाही.

दार का उघडे राहते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यातील पंप, झडपा, ब्रेकर यांना आज्ञा देणारी यंत्रे ज्या भाषांत बोलतात, त्यांतली ‘मॉडबस’ ही १९७९ सालची. आज्ञा कोण देतो आहे, हे तिच्या मूळ रूपात तपासलेच जात नाही. तारा कारखान्याच्या भिंतीआड होत्या तोवर हा विश्वास योग्यच होता. पुढे दूरवरून आकडे पाहण्याच्या सोयीसाठी हीच यंत्रे कार्यालयाच्या संगणकांना आणि त्यांच्यामार्फत इंटरनेटला जोडली गेली. भाषा तीच राहिली, भिंत मात्र गेली.

परिणाम युक्रेनने पाहिला. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील वीजकेंद्रांत कर्मचाऱ्यांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, कारण माणसे उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी हातांनी ब्रेकर बसवले.

‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’ हे उत्तरही पुरेसे नाही. २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ इराणमधील नतान्झच्या बंदिस्त प्रकल्पात पेनड्राइव्हमधून शिरल्याचे मानले जाते. कुडनकुलमबाबत २९ ऑक्टोबर २०१९ रोजी इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली सापडल्याचे मान्य केले. नियंत्रण यंत्रणा वेगळी होती, ही जमेची बाजू. पण पहिला इन्कार घाईचा ठरला.

या वादात आम्हांला सर्वांत खटकते ते हे की वीज वापरणाऱ्यांसमोर निष्कर्ष आले, नोंदी आल्या नाहीत. नोंदीशिवाय निष्कर्ष स्वीकारायला लावणे हे विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना करू देत नाही.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखावेत: काय दिसले, काय अनुमान केले, काय दिसले असते तर अनुमान खोटे ठरले असते. वरील तिन्ही उत्तरे त्यांत बसवून पाहावीत; तिसरा रकाना बहुधा रिकामा राहील. पुण्यातील शाळांना पर्वतीचे जलशुद्धीकरण केंद्र पाहण्याची परवानगी मिळाली, तर मुलांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: हा पंप कोणाकोणाच्या आज्ञा ऐकतो? आणि जोडणी तोडली तर तो हाताने चालवता येतो का?