‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ : फाइलच्या अस्तित्वाची पृच्छा

आज्ञावली लिहिताना एखादी फाइल संगणकावर आहे की नाही, असे विचारण्याचा प्रसंग वारंवार येतो. प्रश्न वरकरणी साधा आहे. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. परंतु या दोन शब्दांत वस्तुस्थिती खरोखर मावते काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

पायथन भाषेतील ‘एग्झिस्ट्स’ हे फंक्शन उदाहरणादाखल घ्यावे. फाइल नसेल तर ते नकार देते, हे योग्यच होय. परंतु ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्यात प्रवेश करण्याची परवानगी नसेल, तरीही ते नकारच देते. पहिला नकार अभावाचा, दुसरा अज्ञानाचा. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ हा जो भेद मराठी बोलणारे मूलही पाळते, तो येथे पुसला जातो. परिणामी अस्तित्वात असलेली फाइल नाहीच, असे समजून आज्ञावली पुढे जाते.

जावा भाषेने २०११ मधील सातव्या आवृत्तीत ‘एग्झिस्ट्स’च्या जोडीला ‘नॉटएग्झिस्ट्स’ दिले. हे पहिल्याचे केवळ उलट रूप नव्हे. स्थिती ठरविता न आल्यास दोहोंचे उत्तर नकारार्थी येते. तर्कदृष्ट्या ही योजना अधिक प्रामाणिक आहे. मात्र अज्ञान ओळखण्यासाठी दोनदा विचारावे लागते आणि मधल्या काळात स्थिती पालटू शकते.

खरा दोष या काळाच्या अंतरातच आहे. उत्तर अचूक असले तरी ते विचारल्या क्षणापुरते असते. तेवढ्यात दुसरी आज्ञावली ती फाइल पुसून टाकील, किंवा कोणी कपटाने त्या नावाचा दुवा भलत्याच फाइलकडे वळवील. म्हणजे जेथे ‘होती’ म्हणावयाचे तेथे ‘आहे’ म्हटले जाते.

यास्तव पृच्छेपेक्षा कृती श्रेयस्कर. फाइल सरळ उघडावी; ती न उघडल्यास ‘अशी फाइल नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही कारणे वेगवेगळी कळतात. पायथनच्या २०१२ मधील ३.३ या आवृत्तीने त्यांना स्वतंत्र नावेही दिली. नवी फाइल निर्माण करताना ‘आधीच असल्यास करू नये’ ही अट आज्ञेतच घालता येते; त्यामुळे तपासणी व निर्मिती यांत फट राहत नाही. केवळ वापरणाऱ्यास माहिती देण्यापुरती ‘एग्झिस्ट्स’ची पृच्छा निरुपद्रवी आहे, तिच्या भरवशावर पुढचे पाऊल टाकणे मात्र धोक्याचे होय.